उभ्या मोटारबोटीतही वीज जागी असते. आग टाळण्यासाठी बॅटरीची जोडणी तोडणे आवश्यक

रायपूर : समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या रायपूरमध्ये मोटारबोटीच्या आगीचा विषय अप्रस्तुत वाटू शकतो. मात्र शहरातील तेलीबांधा तलाव आणि विवेकानंद सरोवर म्हणून ओळखला जाणारा बूढा तलाव, तसेच सुमारे 90 किलोमीटरवरील धमतरी जिल्ह्यातील गंगरेल धरणाचा जलाशय यांमुळे नौकाविहार येथील नागरिकांच्या परिचयाचा आहे. पुराच्या काळात बचावकार्यासाठीही मोटारबोटींचा उपयोग होतो. काम नसताना या बोटी शेडमध्ये किंवा ताडपत्रीखाली उभ्या राहतात. इंजिन बंद करून किल्ली काढली की धोका संपला, असे या काळात सहज गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात लक्ष ठेवणारे कोणी नसल्यामुळे विजेचा किरकोळ दोषही याच काळात गंभीर रूप घेऊ शकतो.

वापरात नसलेले साहित्यही आगीला खाद्य पुरवते, याचा अनुभव रायपूरने घेतला आहे. 5 एप्रिल 2024 रोजी गुढियारी भागातील वीज वितरण कंपनीच्या गोदामाला लागलेल्या भीषण आगीत तेथे साठवून ठेवलेले ट्रान्सफॉर्मर मोठ्या संख्येने जळाले होते. मोटारबोटीत तर इंधन, फायबरचा सांगाडा आणि प्रज्वलनाचे साधन ठरू शकणारी बॅटरी एकाच ठिकाणी असतात.

किल्ली काढल्यानंतरही प्रवाह सुरू

बोटीच्या तळाशी साचलेले पाणी उपसणारा पंप अनेकदा मुख्य स्विचमधून न नेता थेट बॅटरीला जोडलेला असतो. मालक नसतानाही तो चालावा, हा त्यामागील हेतू. मात्र त्याचा तरंगता स्विच कचऱ्यामुळे अडकल्यास पंप कोरडाच फिरत राहून तापतो. मुख्य स्विच बंद असला तरी या तारेतील प्रवाह थांबत नाही.

बोटीची बॅटरी साधारणतः 12 व्होल्टची असते. इतक्या कमी दाबाचा झटका सहसा जाणवत नाही, त्यामुळे ती निरुपद्रवी मानली जाते. परंतु तिची दोन टोके थेट एकमेकांना जोडली गेली, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहू शकतो आणि तार काही क्षणांत लालबुंद होते. सैल किंवा गंजलेला जोडही घातक असतो. 0.1 ओहम रोध असलेल्या जोडातून 50 अँपिअर प्रवाह गेल्यास तेथे 250 वॉट उष्णता निर्माण होते. गोड्या पाण्यातील बोटीला खाऱ्या पाण्याइतका गंज चढत नसला, तरी पावसाळ्यातील दमट हवा जोड खराब करण्यास पुरेशी ठरते. बंद शेडमध्ये उंदरांनी तारांचे आवरण कुरतडण्याचा धोका वेगळाच.

यावर पहिला उपाय म्हणजे बॅटरीची जोडणीच तोडणे. प्रथम ऋण टोक काढावे, नंतर धन टोक. जोडताना क्रम उलटा ठेवावा. धन टोक आधी काढताना पाना इंजिनाच्या धातूला टेकला, तर ठिणगी उडते. दुसरा उपाय फ्यूजचा. इंजिन सुरू करणाऱ्या जाड तारेचा अपवाद वगळता, धन तारेवरील फ्यूज सर्वसाधारणपणे बॅटरीपासून 7 इंचांच्या आत असावा, असे अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचे मानक सांगते. फ्यूज तारेला वाचवतो. जळालेल्या फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा किंवा अधिक क्षमतेचा फ्यूज बसवल्यास ते संरक्षण संपते.

रात्रभर चार्जिंग नको

बॅटरी न वापरताही हळूहळू उतरते आणि उन्हाळ्यात ही क्रिया वेगाने होते. शक्य असल्यास ती बोटीतून काढून हवेशीर जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा तपासावी. पूर्ण चार्ज झालेल्या शिसे-आम्ल बॅटरीचा दाब सुमारे 12.6 व्होल्ट भरतो. चार्जिंगच्या वेळी तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण 4 टक्के झाले तरी ठिणगीने तो पेट घेऊ शकतो. त्यामुळे झाकलेल्या बोटीत चार्जिंग करू नये. लिथियम बॅटरीसाठी तिच्यासाठीच बनवलेला चार्जर वापरावा. चार्जरची वायर गुंडाळलेल्या अवस्थेत ठेवू नये, ती तापते.

दुर्लक्षाची किंमत किती मोठी असू शकते, हे 2 सप्टेंबर 2019 रोजी कॅलिफोर्नियाजवळ नांगरलेल्या ‘कन्सेप्शन’ या बोटीच्या दुर्घटनेतून दिसले. रात्री लागलेल्या आगीत 34 जणांचा मृत्यू झाला. बोटीवर अनेक उपकरणांच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या होत्या. बोट जळून बुडाल्याने आगीचे नेमके कारण निश्चित झाले नाही. मात्र रात्री फिरती गस्त नसल्यामुळे आग वेळीच लक्षात आली नाही, ही बाब तपासात ठळकपणे पुढे आली.

पुन्हा सुरू करताना

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बोटीच्या तळाशी साचते. म्हणून बॅटरी जोडण्यापूर्वी सर्व झाकणे उघडून हवा खेळू द्यावी. पेट्रोलचा वास आल्यास गळती शोधेपर्यंत कोणताही स्विच दाबू नये. सुटी टाकी असल्यास ती साठवणुकीच्या काळात बोटीपासून दूर ठेवावी. शेडमध्ये हाताशी येईल अशा जागी कोरड्या पावडरचे अग्निशामक असावे. पेटत्या पेट्रोलवर पाणी ओतल्यास आग पसरते. आग लागल्यास प्रथम सर्वांनी सुरक्षित अंतरावर जाऊन 101 किंवा 112 वर कळवावे. शेडचा वीजपुरवठा बाहेरून तोडता येत असेल, तरच तो तोडावा.

या उपायांना फारसा खर्च येत नाही. बचावाच्या बोटीबाबत तर त्यांचे महत्त्व दुहेरी आहे. नीट जपलेली बॅटरी आग टाळते आणि पुराच्या रात्री इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू होण्याची शक्यताही वाढवते.