विंचू उतरला, असं कधी म्हणायचं?

आजार घडतो कसा : लेखांक ११

गेल्या आठवड्यात रक्तस्रावाच्या शॉकमध्ये हातपाय गार का पडतात ते पाहिलं. आजही हात गारच आहे, पण बीपी खाली नाही, वर आहे.

समजा, तुमची रात्रपाळी रायगड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. भातकापणीचे दिवस. विंचू चावलेले दोघं एकदमच येतात. एक तिशीतला गडी, बोट धरून अक्षरशः बोंबलतोय. दुसरा सात वर्षांचा मुलगा. पेंढ्यात हात घातला होता. तो गप्प आहे. येताना दोनदा ओकला, सदरा घामानं चिंब, ओठाच्या कडेनं लाळ गळतेय. आई म्हणते, "सिस्टर, याचं दुखायचं थांबलंय. आधी त्यांचं बघा."

आधी मुलाकडे जा. त्याचा तळहात हातात घ्या. बर्फासारखा लागेल.

लाल विंचवाचं विष नसांच्या पेशींवरची सोडियमची दारं धरून ठेवतं. एरवी ही दारं क्षणभर उघडतात आणि मिटतात. तेवढ्यात संदेश पुढे जातो. दार मिटलंच नाही तर संदेश थांबत नाही आणि स्वायत्त मज्जासंस्था आपला सगळा साठा रिकामा करू लागते. आधी अ‍ॅसिटिलकोलिनचा जोर दिसतो : ओकारी, लाळ, घाम, कधी मंद नाडी. पाठोपाठ अ‍ॅड्रिनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा लोंढा येतो. (घामग्रंथींची नस सिंपथेटिक असते, पण तिथं काम करतं ते अ‍ॅसिटिलकोलिन. व्हायवात इथं हमखास गोंधळ होतो.)

नॉरअ‍ॅड्रिनॅलिन रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा रिसेप्टरवर बसतं आणि वाहिन्या आवळतात. त्वचेकडचं रक्त आटतं, म्हणून हात गार. बीपी चढतं. गावातले सगळे नळ बंद करून मोटर मात्र जोरात चालू ठेवावी, तशी हृदयाची गत होते. त्यात इन्शुलिनही दबतं, साखर वाढते आणि हृदयाच्या स्नायूला इंधन नीट वापरता येत नाही. डावी जवनिका थकली की रक्त मागे फुफ्फुसांत तुंबतं, वायुकोशांत पाणी झिरपतं. आधी कोरडा खोकला येतो, मग धाप लागते, शेवटी गुलाबी फेस. तिथून माणूस मागे आणणं फार कठीण. म्हणून खोकल्याची वाट पाहायची नाही. गार हात हीच पहिली वर्दी.

हे आपल्याला शिकवलं ते कोकणानं. महाड परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांजवळ बसून बारीक नोंदी ठेवल्या आणि धोक्याची ही पूर्वचिन्हं १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडली. वाहिन्या अल्फा रिसेप्टरमुळे आवळत असतील, तर तोच रिसेप्टर अडवावा, हा विचार त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीनं अमलात आणला. त्याचा अहवाल १९८६ चा, तोही 'लॅन्सेट'मध्येच. त्यांच्या नोंदींनुसार गंभीर दंशातले मृत्यू पूर्वी ३० टक्क्यांच्या घरात होते, ते १ टक्क्याच्या आसपास आले. विकृतिशास्त्र पाठ करायचा विषय नाही, हे मी वर्गात सांगते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हीच गोळी असते.

यंत्रणा कळली की काय टाळायचं तेही कळतं. घाम आणि लाळ थांबवायला अ‍ॅट्रोपिन द्यावंसं वाटतं. पण त्यानं अ‍ॅसिटिलकोलिनची बाजू दबते आणि अ‍ॅड्रिनॅलिनला रान मोकळं मिळतं.

डॉक्टर लहान मुलासाठी प्राझोसिन लिहितात ते बहुधा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. आपला मुलगा २० किलोचा, म्हणजे ६०० मायक्रोग्रॅम. हातपाय उबदार आणि कोरडे होईपर्यंत दर तीन तासांनी. गोळी साधीच हवी. सावकाश विरघळणारी चालत नाही, कुटून तर नाहीच. विंचवाची प्रतिलस उपलब्ध असेल तर तीही देतात. दोन्ही मिळून रुग्ण लवकर सावरतो, हे २०११ मध्ये बावस्करांच्याच चाचणीत दिसलं.

पुढचं काम तुमचं. आवळलेल्या वाहिन्या एकदम सैलावल्या की बीपी कोसळू शकतं, त्यातून ओकारी आणि घामानं शरीरातलं पाणी आधीच गेलेलं. म्हणून मूल आडवंच राहू द्या. आईला पोटच्या पोराला मांडीवर घ्यावंसं वाटणारच. तिला रागावू नका, कॉटला टेकून स्टूल द्या, त्याचा हात तिच्या हातात द्या आणि उचलायचं का नाही ते समजावून सांगा. पहिले तीन तास दर अर्ध्या तासानं नाडी, बीपी, श्वास. आणि दर वेळी तळहात. चार्टमध्ये त्याचा रकाना नसेल तर पेननं आखा.

पहाटे पाचच्या सुमारास तो मुलगा रडायला लागतो. बोट दुखतंय म्हणतो. आई घाबरून उठते, "सिस्टर, पुन्हा चढला हो विंचू!"

तळहात पाहा. कोरडा आहे, कोमट आहे. हातपाय उबदार झाले आणि दंशाच्या जागी कळ परत आली, ही वादळ ओसरल्याची खूण. आखलेल्या रकान्यात वेळ घाला, 'उबदार' लिहा आणि आईला सांगा, विंचू उतरतोय.

(पुढील लेखांक : लघवी कमी होते तेव्हा मूत्रपिंड काय करत असतं)