हॉट टबचा ब्लोअर बदलताना

चवथ उरकते, पावसाचा जोर ओसरतो आणि किनारपट्टीवरील व्हिला, छोटी हॉटेले व होमस्टे यांची दारे नव्या हंगामासाठी उघडू लागतात. भिंतींना रंग लागतो, बागेतले रान निघते, आणि चार महिने झाकून ठेवलेल्या हॉट टबवरचे आवरणही दूर होते. पाणी भरले जाते, पंप चालू होतो, पाणी तापूही लागते. पण बटण दाबले तरी तळातून बुडबुडे येत नाहीत. अशा वेळी पहिला संशय ब्लोअरवर जातो आणि बहुधा तो खराही ठरतो. पावसाळ्यातला दमटपणा, खारा वारा आणि दीर्घकाळचा निष्क्रियपणा या तिन्ही गोष्टी या छोट्या यंत्राला मानवत नाहीत.

आपल्याकडे या टबला सरसकट ‘जकुझी’ म्हणतात. वास्तविक ते एका इटालियन स्थलांतरित कुटुंबाचे आडनाव आहे. कॅलिफोर्नियात विमानाचे पंखे आणि विहिरींचे पंप बनवणाऱ्या या कुटुंबातील कँडिडो जकुझी यांनी संधिवाताने पीडित मुलासाठी बाथटबमध्ये सोडता येईल असा पंप तयार केला. १९५६ च्या सुमारास तो बाजारात आला आणि पुढे आडनावच वस्तूचे नाव झाले.

टबात हवा दोन मार्गांनी येते, हा भेद आधी ध्यानात घ्यावा. बाजूच्या जेटमधून पाण्याच्या झोतासोबत जी हवा येते, ती झोताच्या वेगामुळे आपोआप ओढली जाते. तिथे वेगळे यंत्र नसते. तळातील किंवा आसनाखालील बारीक छिद्रांतून जे असंख्य बुडबुडे उठतात, ते मात्र ब्लोअरचे काम. त्यामुळे जेटमधली हवा कमी झाली म्हणून ब्लोअर बदलणे व्यर्थ होय.

ब्लोअर खरोखरच गेला आहे का, हे पाहण्याचा क्रम सोपा आहे. आवाजच येत नसेल तर आधी वीजपुरवठा, फ्यूज आणि नियंत्रण पेटीतला रिले तपासावा. पावसाळ्यात या पेटीत मुंग्या घर करतात, पालीही शिरतात. रिलेच्या संपर्कात मेलेली एक मुंगी सगळा खेळ थांबवू शकते. बटण हवेच्या दाबावर चालणारे असेल तर त्याची बारीक नळी सुटली किंवा चिरली आहे का, तेही पाहावे. आवाज येतो पण बुडबुडे कमी, असे असेल तर क्षार साचून छिद्रे बुजली असण्याचा संभव अधिक. करकर, ठिणग्या आणि जळका वास असेल, तर मोटर संपली असे समजावे. बहुतेक टबांच्या ब्लोअरमध्ये कार्बन ब्रश असलेली, मिक्सरच्या जातकुळीतली वेगवान मोटर असते. तिचे आयुष्य ब्रशांइतकेच.

मात्र सर्वांत महत्त्वाची खूण निराळी आहे. वीज पूर्ण बंद करून ब्लोअरची नळी सोडवावी आणि आत बोट फिरवावे. ओल किंवा पांढरे क्षार लागले, तर पाणी उलट्या दिशेने ब्लोअरमध्ये शिरले होते. याचा अर्थ दोष नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा आहे, आणि तो न बदलता बसवलेला नवा ब्लोअरही फार काळ टिकणार नाही. दुरुस्तीची बिले वारंवार भरणाऱ्यांपैकी अनेकांची गोम इथेच असते.

हा व्हॉल्व्ह नळकामाच्या दुकानातला पितळी उचलून चालत नाही. टबातील छिद्रे पाण्याखाली साधारण ७० सेंटिमीटर खोल असली, तर तेवढ्या पाण्याचा दाबच सुमारे ०.०७ बार होतो. ब्लोअरची ताकद मुळात बारच्या एखाद-दोन दशांशांएवढी. पाण्याच्या पंपासाठी बनवलेल्या व्हॉल्व्हची कडक स्प्रिंग उघडण्यातच ती खर्ची पडली, तर बुडबुडे यायचे कुठून? म्हणून अगदी हलक्या स्प्रिंगचा, हवेसाठीचा व्हॉल्व्ह मागावा.

आता निवडीकडे वळू. जुन्या ब्लोअरवरची पट्टी हीच खरी मार्गदर्शक; तिचा फोटो काढूनच दुकानात जावे. पट्टीवरील हॉर्सपॉवरच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. एकाच ताकदीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या दोन ब्लोअरांचा प्रत्यक्ष वीजप्रवाह बराच वेगळा असू शकतो. तुलना करायची ती अँपिअरची. नव्याचा प्रवाह जुन्याच्या आसपास असावा आणि नियंत्रण पेटीच्या ब्लोअर आउटपुटवर जी मर्यादा छापलेली असते, ती त्याने कदापि ओलांडू नये. थोडा मोठा घेऊ म्हणजे बुडबुडे जास्त येतील, हा हिशेब फसवा आहे. छिद्रे तेवढीच राहतात, आवाज आणि वीजबिल वाढते, आणि रिले जळण्याची वेळ येते.

दुसरा मुद्दा व्होल्टेजचा, आणि तो आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. गोव्यातले काही टब थेट अमेरिकेतून आलेले किंवा अमेरिकी बाजारासाठी बनवलेले असतात. तिथल्या घरांत २४० व्होल्ट मिळतात ते दोन जिवंत तारांमधून, प्रत्येकी १२० व्होल्टचे. आपल्याकडे एक फेज, एक न्यूट्रल आणि २३० व्होल्ट. तिकडच्या टबांत पंप २४० चा आणि ब्लोअर १२० चा, अशी मिश्र व्यवस्थाही आढळते. १२० व्होल्टचा ब्लोअर आपल्या पुरवठ्याला थेट जोडला, तर तो पाहता पाहता जळून जाईल. म्हणून पट्टीवरचा आकडा आणि पेटीतून प्रत्यक्ष मिळणारे व्होल्टेज, दोन्ही मल्टीमीटरने जुळवून पाहावेत.

त्याहून घातक आहे तो तारांच्या रंगांचा घोळ. अमेरिकेत काळी तार जिवंत असते आणि पांढरी न्यूट्रल. आपल्या पारंपरिक वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल! इथला वायरमन सवयीने काळ्याला काळी जोडून मोकळा झाला, तर ब्लोअर चालेलही. पण यंत्रातील स्विच किंवा फ्यूज चुकीच्या तारेवर येईल आणि बंद दिसणाऱ्या यंत्रात वीज जिवंत राहील. पाण्यात माणसे बसणार आहेत, हे लक्षात ठेवून रंगावर नव्हे, तर टेस्टरवर आणि टबाच्या आकृतीवर विश्वास ठेवावा. हिरवी तार तेवढी दोन्हीकडे अर्थिंगचीच.

वारंवारतेचे म्हणाल, तर ब्रशच्या मोटरला ५० किंवा ६० हर्ट्झने फरक पडत नाही. मोठ्या हॉटेलांत मात्र कधी कधी ब्रश नसलेले, औद्योगिक धाटणीचे ब्लोअर असतात. केवळ ६० हर्ट्झसाठीचा असा ब्लोअर आपल्या ५० हर्ट्झवर सुमारे एक षष्ठांशाने सावकाश फिरतो, हवा कमी देतो आणि जास्त तापतो.

व्हॅक्यूम क्लीनरची मोटर बसवून ब्लोअर ‘चालू करून देणारे’ कारागीर आपल्याकडे आहेत. त्यांच्या हुन्नराबद्दल आदर राखूनही हा मार्ग सुचवता येत नाही. कोरड्या व्हॅक्यूमची मोटर स्वतः ओढलेल्या हवेनेच थंड होते. पाण्याच्या दाबाने हवा अडली, की ती भाजून निघते. टबाच्या ब्लोअरमध्ये मोटर थंड ठेवणारा पंखा वेगळा असतो.

बसवण्याचे काम तासा-दोन तासांचे. मेन एमसीबी बंद करून तो कोणी चालू करणार नाही अशी व्यवस्था करावी आणि टेस्टरने खात्री झाल्यावरच हात घालावा. पाइपाचे माप इथे हमखास नडते. अमेरिकी दोन इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर, तर आपल्या मेट्रिक पाइपाचा ६३. दीड इंचीचा ४८.३, तर आपला ५०. ही फट सोल्युशनने भरत नाही. रबरी कपलिंग आणि स्टेनलेस स्टीलच्या क्लिपा वापराव्यात. पुढच्या वेळी ब्लोअर काढताना पाइप कापावा लागणार नाही, हा वरचा लाभ. ब्लोअर टबाखाली असेल, तर त्याची नळी आधी पाण्याच्या पातळीच्या वर, शक्य असल्यास फूटभर, न्यावी आणि मगच खाली टबाकडे वळवावी. व्हॉल्व्ह या कमानीच्या माथ्याशी, बाण टबाकडे. अनेक ठिकाणी जागेअभावी ही कमानच गाळलेली दिसते आणि सारी भिस्त एका स्प्रिंगवर येते. ब्लोअरखाली रबराचे तुकडे ठेवावेत, भोवती हवा खेळू द्यावी, आणि जोडणीच्या टोकांवर खाऱ्या हवेपासून बचावासाठी ग्रीस लावावे.

टबाच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. अनेक घरांत १०० मिलिअँपिअरचा असतो. तो आगीपासून संरक्षण देतो, माणसाला नव्हे. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

नवा ब्लोअर प्रथम चालवताना टबात कोणी बसू नये. क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजून पट्टीशी ताडावा, आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून पाहावे, आणि ब्लोअर बंद केल्यावर नळीत पाणी चढत नाही ना, हे दहा मिनिटे थांबून पाहावे. एक सूचना खर्चाबद्दलही : बुडबुडे पाणी झपाट्याने थंड करतात. हजार लिटरच्या टबातून लिटरभर पाण्याची वाफ झाली, तर तापमान अर्ध्या अंशाहून अधिक उतरते. म्हणून ब्लोअर पाहुणे बसलेले असतानाच चालवावा.

पाहुण्यांच्या आरोग्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. हवेच्या नळ्यांत साचून राहिलेले कोमट पाणी लीजनेला या जिवाणूला पोसते, आणि बुडबुडे फुटताना उडणारे सूक्ष्म तुषार तो थेट फुप्फुसांत पोहोचवतात. नेदरलँड्समधील बोवेनकार्सपेल येथे फेब्रुवारी १९९९ मध्ये एका पुष्पप्रदर्शनात केवळ देखाव्यासाठी मांडलेल्या टबातून हा संसर्ग पसरला आणि ३० हून अधिक लोक दगावले. त्या टबात कोणी उतरलेही नव्हते. शेजारून जाणे पुरेसे ठरले. म्हणून नवा ब्लोअर बसल्यावर नळ्यांत साचलेले जुने पाणी बाहेर काढून टाकावे, टब रिकामा करून पुन्हा भरावा, क्लोरिनचा तीव्र डोस देऊन ब्लोअर व पंप दोन्ही चालवावेत आणि ते पाणीही सोडून द्यावे. नंतरच्या रोजच्या वापरात मुक्त क्लोरिन किमान ३ पीपीएम आणि पीएच ७.० ते ७.८ असावा.

पुढच्या जूनमध्ये टब बंद करण्यापूर्वी पाणी काढून ब्लोअर काही मिनिटे चालवला, म्हणजे नळ्या कोरड्या होतात. त्यानंतर पावसाळाभर आठवड्यातून एकदा पाच मिनिटे तो फिरवण्याचे काम राखणदाराला नेमून द्यावे.