रात्रभर सुरात राहील अशी गिटार

बुलडाणा जिल्ह्यात स्टेजवर वाजवणाऱ्या गिटारवाल्याचं वर्ष गणपतीत सुरू होतं. पुढे नवरात्र, कोजागरीपासून खामगावच्या मोठ्या देवीचा उत्सव, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई आणि ऐन एप्रिलच्या उन्हात भीमजयंती. आज घाटावर चिखली-मेहकर, उद्या घाटाखाली मलकापूर-शेगाव. राजूर घाट उतरताना हवा बदलते तशी गिटारही बदलते. उकाड्यात पोलादी तारा सैलावतात, सूर उतरतो. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत नेकचं लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं तळहाताला टोचतात, तारा खडखडतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगून नेकला बाक येतो आणि तारा उचलल्या जातात. म्हणून इथे वाजवायची गिटार निवडताना पहिला प्रश्न एकच: ही रात्रभर सुरात राहील का?

आपली पोरं मात्र आधी ब्रँड विचारतात. फेंडर की गिब्सन, आयबानेझ की यामाहा, की कोर्ट? माझ्या मते नाव सगळ्यात शेवटी विचारावं. खुद्द लिओ फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्त करायचा. गिटार वाजवायला तो कधीच शिकला नाही. दुरुस्तीवाल्याच्याच नजरेने त्याने टेलिकास्टर आणि 1954 साली स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली. नेक स्क्रूंनी बसवलेला, म्हणजे बिघडला तर काढा आणि दुसरा लावा. गिब्सनच्या 1952 पासूनच्या लेस पॉलमध्ये नेक सरसाने चिकटवलेला असतो आणि खुंट्यांचा भाग मागे कललेला. नाद भरदार, पण गिटार पाठीवर पडली तर नेमकी त्याच ठिकाणी चीर जाते. बोलेरोत स्पीकर, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डच्या स्टँडखाली दबून प्रवास करणाऱ्या गिटारसाठी मी स्क्रूचा नेकच सुचवीन. वजनही पाहा. लेस पॉल अनेकदा चार किलोंच्या वर जाते, आणि ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम तीन-चार तास उभ्याने चालतो.

दुसरी गोष्ट गुणगुणीची. मंडपात जनरेटर, झगमगते दिवे, एलईडीची भिंत, सगळं एकाच ठिकाणी असतं. सिंगल कॉइल पिकअप तारांचा आवाज उचलतो, तसा विजेचाही उचलतो. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ही गुणगुण खालच्या जी सुराच्या जवळ बसते आणि गाणं त्याच पट्टीत असलं तर नको तितकी मिसळते. यावर गिब्सनच्या सेथ लव्हरने 1955 मध्ये तोड काढली. दोन कॉइल उलट्या वेढ्यांच्या, चुंबकांची दिशाही उलट. विजेची गुणगुण एकमेकींत कटते, तारांचा आवाज मात्र जोडला जातो. हाच हंबकर. ऑर्केस्ट्रात एका गाण्याला स्वच्छ छनछन ऱ्हिदम लागतो आणि पुढच्याच फर्माइशीला ‘कर्ज’मधला गोरख शर्मांनी वाजवलेला गिटारचा तुकडा. त्यामुळे ब्रिजपाशी एक हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल, ही मांडणी मला सर्वांत सोयीची वाटते. यामाहाच्या पॅसिफिका 112 मध्ये ती मिळते, इतर कंपन्यांतही मिळते.

तरंगता ट्रेमोलो ब्रिज दिसायला देखणा, पण कार्यक्रमाला घातक. त्यात तारांचा ताण आणि मागच्या स्प्रिंगा एकमेकांना तोलून असतात. एक तार तुटली की तोल जातो आणि उरलेल्या पाचही बेसूर होतात. पक्का ब्रिज असेल तर पाच तारांवर गाणं तरी पुरं होतं.

दुकानात, मग ते मुंबईचं 1865 पासूनचं फुर्टाडोज असो की जिल्ह्यातलं छोटं दुकान, गिटार आधी अँपला न जोडता वाजवून पाहा. बाराव्या फ्रेटवर तारेला बोट नुसतं टेकवून हार्मोनिक वाजवा, मग तीच तार तिथेच दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही सूर एकच आले पाहिजेत. पहिली तार प्रत्येक फ्रेटवर दाबत वर जा आणि कुठे आवाज मरतो का ते ऐका. तारा थोड्या ओढून सोडा, सूर परत जागेवर येतो का पाहा. शेवटी केबल लावून जॅक हलवा. खरखरला तर तो स्टेजवर दगा देणार. ऑनलाइन मागवलीत तर सेटअपचे पैसे आधीच बाजूला काढा. कारखान्यात जुळवलेला नेक आपल्या हवेत तसाच राहील, हे गृहीत धरू नका.

आता ब्रँड बदलण्याचं. फेंडरची स्केल साधारण 648 मिलिमीटर, गिब्सनची 628. फरक दोन सेंटिमीटर, पण त्याच तारा त्याच सुरात लावल्या तर लांब स्केलवर ताण सुमारे सहा टक्क्यांनी वाढतो आणि बेंड अर्ध्यातच अडतो. म्हणून गिब्सनवर दहाच्या तारा लावणारा फेंडरवर नऊच्या लावतो, म्हणजे हाताला ओळखीचं वाटतं. स्ट्रॅटचा व्हॉल्यूम करंगळीपाशी असतो, तर लेस पॉलचा पिकअप बदलायचा स्विच वर खांद्यापाशी. गाण्याच्या मध्यात बोटं जुन्याच जागी जातात. प्रोसेसरमधले पॅचही नव्याने बांधावे लागतात, कारण हंबकरचा सिग्नल जोरकस असतो आणि सिंगल कॉइलवर जुळवलेला स्वच्छ आवाज त्याने फाटतो. ही जुळणी घरी बसून करू नका. ज्या साउंडवाल्याबरोबर कार्यक्रम करता, त्याच्याच स्पीकरवर करा.

एका गोष्टीसाठी मात्र कुठल्याही ब्रँडवर भरवसा ठेवू नका. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी 1972 मध्ये स्वानसीला स्टेजवर विजेच्या धक्क्याने गेला. नीट अर्थिंग नसलेल्या माइकला त्याचा हात लागला होता. गिटारच्या तारा केबलमधून अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि माइक मिक्सरच्या. दोन्हींची वीज वेगवेगळ्या बोर्डांवरून आली, त्यातल्या एकीकडे अर्थिंग नसलं, की तारेवर हात आणि ओठाशी माइक अशी स्थिती जिवावर बेतू शकते. सगळं एकाच बोर्डावरून घ्या, अर्थिंग आहे का ते विचारा, आणि गाण्याआधी तार व माइकची जाळी यांमध्ये मल्टिमीटर लावून पाहा. व्होल्टेज दिसलं तर साउंडवाल्याने ते दुरुस्त करेपर्यंत माइकजवळ जाऊ नका, समोर पब्लिक कितीही ओरडत असलं तरी.

बदल करायचाच असेल तर दिवाळी ते तुळशीचं लग्न हा मधला रिकामा काळ त्यासाठी बरा. नवी गिटार रोज हातात घ्या, नेहमीच्या वीस-पंचवीस गाण्यांवर फिरवा, पॅच बांधा. जुनी लगेच विकू नका. पहिली लग्नसराई संपेपर्यंत ती नव्या तारा लावून, सुरात लावून, स्टेजच्या मागे स्टँडवर तयार ठेवा.