कोरड्या मैदानावर माशीचा गळ

बीड जिल्ह्यांत राहून माशीच्या गळानें मासे धरण्याची विद्या शिकावी, असें म्हटलें तर श्रोत्यांना हंसूं येईल. 2016 सालीं केज तालुक्यांतील धनेगांवचें मांजरा धरण आटलें आणि लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. अशा मुलखांत गळ टाकावा कोठें? परंतु या विद्येचा पहिला धडा पाण्यावर गिरवावयाचाच नसतो. गवताचें मोकळें मैदान त्यास पुरतें.

नेहमींच्या गळाला शिशाचा तुकडा बांधलेला असतो. गोफणींतील धोंड्याप्रमाणें तो पुढें जातो आणि दोरी त्याच्यामागून ओढली जाते. माशीच्या गळाचें उलट आहे. पिसें व धागा आंकड्यावर गुंडाळून केलेली ही नकली माशी इतकी हलकी, कीं ती फेंकूं म्हटलें तरी फेंकली जात नाहीं. (माशी दाखवून मासा धरावयाचा, हा विनोद मराठींतच साधतो!) म्हणून वजन दोरीलाच दिलेलें असतें. 5 क्रमांकाच्या दोरीचे पहिले 30 फूट सुमारें 9 ग्रॅम भरतात. तेवढ्या भारानें 9 फुटी लवचिक काठी वांकते, आणि सरळ होतांना दोरीला भिरकावून देते.

नवशिक्याचा घात होतो तो घाईनें. कोपर अंगाजवळ, अंगठा मुठीवर आणि मनगट ताठ ठेवून काठी मागें न्यावी; ती कानाच्या किंचित् मागें आली कीं एकाएकीं थांबवावी. काठी थांबते तेव्हां दोरी शेंड्यावरून वेटोळें उलगडीत मागें जाते. तें उलगडेपर्यंत हात हलवूं नये. खुशाल मान वळवून पाहावें. त्यांत कमीपणा नाहीं. हात लवकर पुढें आणला तर आसुडासारखा फटकारा वाजतो. बैल हांकणाराला तो आवाज हवाच असतो. येथें मात्र तो ऐकूं आला कीं माशी तुटून गेली असें समजावें. उशीर केला तर दोरी गवतांत पडते. दोरी जितकी लांब, तितकें थांबणेंही लांबतें. म्हणून आरंभीं 25 फुटांपलीकडे जाऊं नये. मनगट सैल सुटलें तर वेटोळें रुंद होतें आणि वाऱ्याला आयतेंच सांपडतें.

सरावाच्या वेळीं आंकड्याऐवजीं लोकरीचा गोंडा बांधावा. सकाळीं वारा पडलेला असतांना पंधरा मिनिटें पुरेत. हात दुखूं लागल्यावर केलेला सराव खोडच लावतो.

पुढें माजलगांवच्या धरणावर, सिंदफणेच्या पाण्याकांठीं, जाल तेव्हां एक ध्यानांत ठेवा. अशा जलाशयांतील मासेमारीचे हक्क सामान्यतः मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे ठेक्यानें असतात. आपली ती हौस, त्यांचें तें पोट. तेव्हां आधीं त्यांची अनुमति घ्यावी. डोळ्यांवर चष्मा असावा, आणि काठी उचलण्यापूर्वीं पाठीमागें माणूस किंवा बाभळ नाहीं, हें पाहून घ्यावें.