लॉकचं तोंड कुठल्या बाजूला?

मोटरसायकलच्या चेनची दोन टोकं जोडणारं लॉक अंगठ्याच्या नखाएवढं असतं. स्प्रिंग स्टीलची पातळ पत्ती, एका टोकाला गोल आणि बंद, दुसऱ्या टोकाला मधोमध चिरलेली. निमगाव केतकीत बारामती-इंदापूर रस्त्याच्या कडेला कुठल्याही गॅरेजसमोर घटकाभर थांबा, मिस्त्री पकडीनं 'खट्' करून ते बसवताना दिसेल. काही सेकंदांचं काम. त्या सेकंदांत ते उलट बसू शकतं, आणि उलट बसलं तरी गाडी सुरू होते, पळते, आवाजसुद्धा करत नाही.

आधी या पत्तीच्या शेजारी काय चाललेलं असतं ते पाहू. 100 सीसीच्या गाडीचं इंजिन जास्तीत जास्त 8 न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क देतं. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्समधून बाहेर पडेपर्यंत तो दहापटीच्या वर वाढलेला असतो. पुढच्या 14 दात्यांच्या स्प्रॉकेटची त्रिज्या जेमतेम 28 मिलिमीटर. इतक्या आखूड त्रिज्येवर एवढा जोर आला की चेनच्या वरच्या पदरात अडीचशे-तीनशे किलोंची ओढ तयार होते. दुधाचे दोन कॅन लादून उसाच्या बांधावरून गाडी रस्त्यावर चढते तेव्हा चेनमध्ये जवळजवळ एका गाईच्या वजनाएवढा ताण असतो.

आणि लॉकवर त्यातला काहीच येत नाही! ओढ पेलतात त्या पिना आणि बाजूच्या पट्ट्या. लॉकचं काम एवढंच, की बाहेरची पट्टी पिनांवरून बाजूला सरकू नये. पिनांच्या टोकांना बारीक खाचा असतात आणि त्या खाचांत ते अडकून बसतं. दीड टनाहून जास्त ओढ सोसेल अशा साखळीची एक कडी या पत्तीच्या भरवशावर जागेवर राहते. या रचनेचं मला आजही नवल वाटतं.

आता दिशा. नियम असा की लॉकचं बंद टोक चेन ज्या दिशेनं धावते त्या दिशेला हवं, चिरलेलं टोक मागं. चालत्या चेनला काडी, खडा, चेन कव्हरची वाकलेली कड असं काही घासलं, तर ते बंद गोल टोकाला लागून निसटतं आणि लॉक उलट खाचेत आणखी घट्ट बसतं. चिरलेलं टोक पुढं असेल तर तोच धक्का फाटलेल्या तोंडात बसतो आणि लॉक खाचेतून ढकललं जातं. आपल्या भागात हंगामात ट्रॉलीतून पडलेला ऊस आणि पाचट रस्ताभर असतं. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॉल्यांमागून गाडी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

गोम पुढंच आहे. पुढचं स्प्रॉकेट चेनला वरून आपल्याकडं ओढतं. म्हणजे चेनचा वरचा पदर गाडीच्या तोंडाकडं धावतो आणि खालचा पदर मागच्या चाकाकडं. एकच चेन, एकाच क्षणी दोन उलट दिशांना. लॉक वरच्या पदरात असेल तेव्हा त्याचं बंद टोक हेडलाइटकडं हवं आणि तेच लॉक फिरून खाली आलं की बंद टोक नंबरप्लेटकडं दिसायला हवं. खाली हात घालून लॉक बसवणारा माणूस मनात 'गाडी पुढं जाते, तोंड पुढं' असं धरतो आणि तिथंच चुकतो. ही बेपर्वाई नसते. नियम अगदी बरोबर लक्षात असतानाही हात उलटा पडतो, म्हणून या चुकीबद्दल मला चिडण्यापेक्षा कुतूहलच जास्त वाटतं.

शेजारच्या पानमळ्यातला पोरगा नवीन चेन टाकून आला तेव्हा हेच झालं होतं. पहाटे पानांचे डाग घेऊन निघायचं म्हणून गाडी अंगणात डबल स्टँडवर लावलेली. मागचं चाक हातानं हळूहळू फिरवत गेलो. सगळ्या कड्या सारख्याच तेलकट काळ्या, मध्येच एक कोरी चकाकती पत्ती वर आली. चिरलेलं तोंड सरळ हेडलाइटकडं. पोरगा म्हणाला, "पण काका, गाडी तर मस्त पळतीय!" त्याचं खरंच होतं. उलट्या लॉकवर गाड्या हजारो किलोमीटर पळतात, म्हणून तर ही चूक टिकते. पण लॉक गेलं की पट्टी सुटते, पिन वाकते, चेन उघडते. उघडलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा झाली तर इंजिनचं केसिंग फोडते, मागच्या चाकात अडकली तर चाक जागीच जाम होतं.

एवढीशी पत्ती किती फिरते त्याचाही हिशेब करून पाहिला. छोट्या गाड्यांना बहुधा 428 नंबरची चेन असते आणि तिच्या दोन पिनांमधलं अंतर बरोबर अर्धा इंच, 12.7 मिलिमीटर. 116 कड्या धरल्या तर पूर्ण चेन सुमारे 1.47 मीटर. मागं 42 दाते आणि चाकाचा घेर 1.9 मीटरच्या आसपास धरला, तर गाडी एक किलोमीटर जाईपर्यंत चेनच्या जवळपास 190 फेऱ्या होतात. ताशी 60 च्या वेगाला ते लॉक सेकंदाला तीनदा पुढं जाऊन मागं येतं. प्रत्येक फेरीत प्रत्येक सांधा चार वेळा हलतो, पुढच्या स्प्रॉकेटवर चढताना वाकतो आणि उतरताना सरळ होतो, मागंही तेच. एका किलोमीटरला साऱ्या सांध्यांची मिळून 88 हजारांवर हालचाल! इतकं होऊनही स्वच्छ, तेल दिलेली चेन इंजिनच्या ताकदीतला अगदी थोडा भाग स्वतःसाठी खर्च करते, बाकी सगळा चाकाला पोचवते.

हे शक्य झालं ते 1880 मधल्या एका पेटंटमुळं. साखळीनं ताकद पोचवण्याची कल्पना फार जुनी. अकराव्या शतकात चीनमध्ये सू सोंगनं आपल्या खगोलीय घड्याळाच्या मनोऱ्यात अशी साखळी वापरली होती, लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांतही साखळ्यांची चित्रं आहेत. पण पिन पातळ पट्टीच्या भोकात घासायची आणि सगळा जोर त्या धारेएवढ्या जागेवर यायचा. बादलीच्या तारेच्या कडीनं बोट कापतं, तीच कडी फडकं गुंडाळून धरली की कापत नाही, तसाच हा प्रश्न. जोर तोच, जागा वाढवायला हवी. मँचेस्टरमध्ये स्थायिक झालेला स्विस माणूस हान्स रेनॉल्ड यानं पिनेवर पोकळ नळी चढवली, ती म्हणजे बुश. आता पिन बुशच्या पूर्ण लांबीवर टेकली. बुशवर मोकळा फिरणारा रोलर, म्हणजे दात्यावर चेन घासत नाही, रोलर गडगडत बसतो. पाचच वर्षांत, 1885 मध्ये, स्टार्लीची रोव्हर सायकल मागचं चाक चेननं फिरवत रस्त्यावर आली. आज निमगावातल्या कुठल्याही गाडीची चेन उघडा, पिन, बुश, रोलर, आतली पट्टी, बाहेरची पट्टी, तोच क्रम.

'चेन लांबली' असं आपण म्हणतो ते या बुशमुळंच नीट समजतं. पोलाद ताणून लांब झालेलं नसतं. पिन आणि बुश यांच्यामध्ये केसाएवढी झीज होते. एका सांध्यात 0.1 मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, पण 116 सांध्यांत तीच 11 मिलिमीटरच्या पुढं जाते. मोजायला घरातली टेप पुरते. नव्या 428 चेनच्या 20 कड्या बरोबर 10 इंच, 254 मिलिमीटर भरतात. चेन ताणून धरल्यावर तेच माप 259 च्या पुढं गेलं तर ती संपली समजायची. दुसरी खूण त्याहून सोपी. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागं ओढायची. दात्याचा निम्मा भाग उघडा दिसला तर दुकानात जायची वेळ झाली.

इथं मिस्त्रीची दुसरी नेहमीची चूक येते, आणि ती बरेचदा गिऱ्हाइकाच्या भल्यासाठीच केलेली असते. 'स्प्रॉकेट अजून चालतील, नुसती चेन टाकू, पैसे वाचतील.' पण जुने दाते जुन्या, लांबलेल्या चेनच्या मापानं झिजून एका बाजूला आकड्यासारखे वळलेले असतात. नव्या चेनचं माप अर्धा इंच, दात्यांचं माप त्याहून वेगळं पडलेलं. मग ओढ अनेक दात्यांवर वाटली जात नाही, एखाद्या-दुसऱ्यावर येते आणि नवी चेन भराभर झिजते. वाचलेले पैसे वर्षभरात दुप्पट होऊन जातात. पुढचं, मागचं आणि चेन असा पूर्ण सेटच टाकायचा, याच्यामागं विक्रेत्याचा फायदा नाही, शुद्ध भूमिती आहे.

तिसरी चूक मला सगळ्यात घातक वाटते, कारण ती चांगल्या कामासारखी दिसते. चेन टाइट करणं. ढिली चेन खटखट करते, कव्हरला लागते, म्हणून गिऱ्हाइकाला घट्ट चेन आवडते. पण मागचं चाक धरणारा चिमटा, म्हणजे स्विंगआर्म, ज्या पिनेवर हलतो ती पिन आणि पुढचं स्प्रॉकेट यांची जागा एक नसते, स्प्रॉकेट थोडं पुढं असतं. त्यामुळं वजन पडून शॉकअप दबले की दोन्ही स्प्रॉकेटमधलं अंतर बदलतं. स्प्रॉकेट, पिन आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की ते सगळ्यात जास्त भरतं. रिकाम्या गाडीवर तारेसारखी ताणलेली चेन त्या क्षणाला आणखी कुठून लांबणार? मग ती गिअरबॉक्सच्या शाफ्टला आणि त्याच्या बेअरिंगला ओढते. 40 लिटरचा एक भरलेला कॅन चाळीस किलोंच्या वर जातो. असे दोन कॅन, वर माणूस आणि पुढं खड्डा. काही महिन्यांनी ऑइल सील गळायला लागतं आणि कुणाला चेन आठवतसुद्धा नाही. छोट्या गाड्यांना खालच्या पदराच्या मध्यात साधारण 20 ते 30 मिलिमीटर खालीवर हालचाल हवी. नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात किंवा चेनजवळच्या स्टिकरवर असतो. चाक फिरवत चार जागी बोटानं चेन उचलून पाहायची आणि जिथं सर्वात घट्ट लागेल तिथलं माप धरायचं.

चेन बदलताना चाक सरकवलं की आणखी दोन गोष्टी हलतात. एक, चाक सरळ आहे का? चिमट्याच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या घरावर आहेत का, ते वाकून पाहायला अर्धं मिनिट लागतं. दोन, मागचा ड्रम ब्रेक. चाक मागं गेलं की ब्रेकचा रॉड ताणला जातो आणि पायातला मोकळेपणा कमी होतो. तो नट सैल करायचा राहिला तर ब्रेक सतत घासतो. चार किलोमीटर जाऊन ड्रमजवळ हात नेला की चटका सांगतो.

आता चूक सापडल्यावर करायचं काय? पानमळ्यातल्या पोराबरोबर मी गॅरेजवर गेलो. तिथं चार गिऱ्हाइकं बसलेली. मोठ्यानं बोललो असतो तर मिस्त्री बचावाला उभा राहिला असता आणि लॉक बाजूलाच राहिलं असतं. त्याला गाडीपाशी नेलं, चाक फिरवलं आणि म्हटलं, "मिस्त्री, हे लॉक जरा बघता का? तोंड उलटं वाटतंय." त्यानं क्षणभर वाकून पाहिलं, काही न बोलता पकड आणली. जुनं लॉक काढून फेकलं आणि नवं लावलं. ते फार बरं केलं, कारण एकदा ताणून काढलेल्या पत्तीची स्प्रिंग सैल पडते. पैसे घेतले नाहीत. वर म्हणाला, "खालून बसवलं होतं ना, त्यात झालं."

सगळीकडं असं सरळ होईलच असं नाही. म्हणून कामाचं बिल घ्यावं, त्यावर चेनचा नंबर आणि किलोमीटरचं रीडिंग लिहून घ्यावं, जुने भाग परत मागावेत, चुकीचा फोटो दुरुस्तीच्या आधी काढावा. पैसे देऊन घेतलेल्या कामातली त्रुटी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये बसते. 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार सांगता येते, जिल्हा ग्राहक आयोगाकडं दोन वर्षांच्या आत जाता येतं. केसिंग फुटलं किंवा कुणी पडलं तर तिथपर्यंत जरूर जावं. उलट्या लॉकसाठी मात्र आधी त्याच मिस्त्रीकडं जाणं मला योग्य वाटतं. चूक डोळ्यांनी पाहिलेला कारागीर ती पुढच्या गाडीवर सहसा करत नाही, आणि त्या गॅरेजमधून दिवसाला कितीतरी गाड्या बाहेर पडतात.

तेलाचंही त्याच वेळी विचारून घ्या. इंजिनमधून काढलेलं जळकं ऑइल चेनवर ओतायची आपल्याकडं सवय आहे. त्यात काजळी आणि धातूचा चुरा असतो, वर आपल्या रस्त्यांची धूळ चिकटते आणि पिन-बुशमध्ये पॉलिश पेपर फिरवावा तसं घासत राहतं. रॉकेलनं चेन पुसून आतल्या बाजूनं 90 नंबरचं गिअर ऑइल बेताचं द्यावं, जास्तीचं फडक्यानं टिपून घ्यावं.

नवी चेन पहिल्या तीन-चारशे किलोमीटरांत थोडी ढिली होते, ती मात्र मिस्त्रीची चूक नव्हे. नव्या पिना बुशमध्ये आपापली जागा करून घेतात. चेन टाकल्यावर पंधरा-वीस दिवसांनी गाडी परत दाखवायची, एकदा ताण बघायचा आणि चाक हळूहळू फिरवून ती चकाकती पत्तीही शोधायची.