‘एक्सरसाइज’ : मराठी पर्याय आणि जयपूरची हिंदी

इंग्रजी ‘एक्सरसाइज’ हा एकच शब्द शरीरश्रम, पाठाखालील प्रश्न आणि सैन्याचा सराव या तिन्हींना पुरतो. मराठी मात्र अनुक्रमे ‘व्यायाम’, ‘स्वाध्याय’ व ‘युद्धसराव’ असे निरनिराळे शब्द योजते. हिंदीशी तुलना केली असता समान दिसणारे शब्दच भाषांतरकाराला चकवतात.

नियम या अर्थाच्या अरबी शब्दाच्या अनेकवचनापासून ‘कवायत’ आला. मराठीत तो मैदानावरील शिस्तबद्ध हालचालींशी निगडित राहिला. जयपूरच्या हिंदी वृत्तपत्रांत ‘कवायद’ म्हणजे पुष्कळदा शासनाची एखाद्या कामासाठी चाललेली खटपट होय. ‘तालीम’ हिंदीत शिक्षण या मूळ अर्थाने टिकली, मराठीत ती मल्लांची व नाटकमंडळींची झाली. मूळ अरबीत विपुलता सुचविणाऱ्या ‘कसरत’ला मराठीने तारेवर चढविले.

सर्वांत फसवा शब्द ‘अभ्यास’. मूळ संस्कृतात त्याचा अर्थ पुनरावृत्ती. हिंदीने त्यातील सराव घेतला, मराठीने अध्ययन. २००५ साली स्थापन झालेल्या दक्षिण-पश्चिम कमांडचे मुख्यालय जयपुरात आहे. तेथील वृत्तांतला ‘सैन्य अभ्यास’ मराठीत ‘सैन्याचा अभ्यास’ झाला, तर रणगाडे जाऊन ग्रंथ येतील. सारांश, पर्याय शब्दावरून नव्हे, प्रयोगावरून ठरवावा.