जावळीच्या मामल्यापासून साताऱ्याच्या पेशवाईपर्यंत

सातारा जिल्ह्यातील वेण्णाकाठचे मेढा हे आज जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण असले, तरी जावळी हे नाव राज्यकारभाराच्या इतिहासात येते ते १६५६ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोरे यांच्याकडून हा डोंगराळ मुलूख घेतला तेव्हापासून. मुलूख जिंकणे आणि तो राखणे ही कामे वेगळी असल्याने जावळीच्या ऐन घाटमाथ्यावर, पारघाटाची वाट रोखून धरणारा प्रतापगड बांधायला घेण्यात आला आणि त्या बांधकामाची देखरेख मोरो त्रिंबक ऊर्फ मोरोपंत पिंगळे यांच्याकडे सोपवण्यात आली. मजूर, दगड, चुना, रसद आणि हिशेब एका हाताखाली आणण्याचे हे काम निव्वळ व्यवस्थापनाचे होते; पण ज्याने ते पार पाडले तोच पुढे पेशवा झाला आणि १६७४ च्या राज्याभिषेकात अष्टप्रधानांतील पहिला, म्हणजे मुख्य प्रधान, म्हणून उभा राहिला. व्यवस्थापकाच्या पदावरून कार्यकारी प्रमुखाच्या पदावर जाण्याची सातारा परिसरातील ही पहिली ठळक घटना मानता येईल.

येथे दोन पदांतील फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे. मामलेदार, सुभेदार किंवा कारकून यांच्यापुढे काम आधीच ठरलेले असे: अमुक महालाचा वसूल, अमुक गडाची दुरुस्ती, अमुक फौजेचा रोजमुरा, म्हणजे तिच्या रोजच्या खर्चाची तरतूद, आणि त्याची परीक्षा ताळेबंदावर होई. मुख्य प्रधानापुढे मात्र काम कोणते करावयाचे हाच प्रश्न असे, आणि त्याचे उत्तर छत्रपती, सरदार, सावकार व शेजारची सत्ता या चौघांना एकाच वेळी पटवावे लागे. पहिल्या पदावरील कसब दुसऱ्या पदावर उपयोगी पडते, पण पुरेसे ठरत नाही, हे पिंगळे घराण्याच्याच दुसऱ्या पिढीने दाखवून दिले.

१२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा साताऱ्यास राज्याभिषेक झाल्यानंतर त्यांचे पेशवेपद मोरोपंतांचे पुत्र बहिरोपंत यांच्याकडे आले. वडिलांची पायरी न चढता वडिलांचे आसन मिळाले, याचा परिणाम लवकरच दिसला: शाहूंच्या प्रतिस्पर्धी ताराबाईंच्या पक्षाचे कान्होजी आंग्रे यांच्यावर बहिरोपंत चालून गेले आणि स्वतःच कैद होऊन बसले. रिकाम्या झालेल्या या जागेवर नोव्हेंबर १७१३ मध्ये पुण्याजवळील मांजरी येथे बाळाजी विश्वनाथ भट यांची नेमणूक झाली.

बाळाजी मूळचे श्रीवर्धनचे. घाटावर येऊन त्यांनी वसुली कामगार म्हणून उमेदवारी केली, पुणे आणि दौलताबाद प्रांतांत सरसुभेदार, म्हणजे अनेक महालांच्या वसुलावरील वरिष्ठ अधिकारी, या नात्याने काम केले आणि सेनापती धनाजी जाधव यांच्या हिशेबाचे काम सांभाळले. १७०७ मध्ये खेडच्या लढाईच्या वेळी ताराबाईंनी पाठवलेले धनाजी शाहूंच्या बाजूला वळले, त्यामागे बाळाजींची मध्यस्थी होती असे सांगितले जाते. तलवारीच्या हातापेक्षा कागदाचा हात येथे अधिक लांब पोहोचला.

धनाजींच्या निधनानंतर त्यांचा मुलगा चंद्रसेन सेनापती झाला आणि वडिलांच्या विश्वासातील हा कारकून त्याला डोळ्यांत सलू लागला. १७११ मध्ये शिकारीत एका हरणाच्या क्षुल्लक कारणावरून वाद पेटला. त्याच्या मुळाशी वसुलाचा हिशेब कोणाच्या हाती राहावा हा प्रश्न होता, हरणाचा नव्हता. बाळाजींना वाईजवळील पांडवगडाचा आश्रय घ्यावा लागला. शाहूंनी बाळाजींचा पक्ष उचलून धरताच चंद्रसेन प्रतिपक्षाला मिळाला आणि राजाजवळ सेनापतीही उरला नाही, सेनाही उरली नाही. याच वर्षी बाळाजींना ‘सेनाकर्ते’ ही पदवी मिळाली. तिचा अर्थ फौजेचे नेतृत्व करणारा असा नसून फौज उभी करणारा असा आहे. राजाच्या तिजोरीत पैसा नसताना ती फौज उभी राहिली ती सावकारांच्या कर्जावर, आणि कर्ज मिळाले ते वसुलाच्या कामात वर्षानुवर्षे कमावलेल्या पतीवर. चास येथील सावकार महादजी कृष्ण जोशी यांची कन्या काशीबाई पुढे बाळाजींची सून झाली, यावरून हे संबंध किती घरोब्याचे होते हे कळते. बढतीचा खरा क्षण शोधायचाच तर तो १७१३ च्या पेशवाईच्या वस्त्रांत नसून १७११ च्या या पदवीत आहे, असे म्हणावे लागते. कारण दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब ठेवणारा माणूस येथे प्रथमच राज्यासाठी स्वतःच्या नावावर जोखीम घेताना दिसतो.

ही वाट सरळ मात्र नव्हती. सरदार दमाजी थोरात यांनी बेलभंडाराची शपथ, म्हणजे बेलाचे पान आणि भंडारा उचलून घेतलेली शपथ, मोडून बाळाजींनाच कैद केले आणि शाहूंना पैसे भरून त्यांना सोडवावे लागले. आंग्र्यांच्या बाबतीत बाळाजींनी लढाई टाळली. १७१४ मध्ये तह करून बहिरोपंतांची सुटका केली, कान्होजींचे सरखेलपद, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, कायम केले आणि त्यांना शाहूंच्या बाजूस आणले. ज्या माणसाने आपल्या पूर्वाधिकाऱ्याला कैद केले त्यालाच राज्याचा आधारस्तंभ बनवणे हे वसुली कारकुनाच्या कक्षेतले काम नव्हे.

दिल्लीच्या स्वारीची कथा सर्वपरिचित आहे: १७१८ मध्ये मोगलांचा दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अलीशी करार झाला, १७१९ मध्ये दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या आणि शाहूंच्या मातोश्री येसूबाई मोगलांच्या कैदेतून स्वराज्यात परतल्या. त्याहून महत्त्वाचे आहे ते या उत्पन्नाचे वाटप. चौथाई म्हणजे वसुलाचा २५ टक्के भाग आणि सरदेशमुखी म्हणजे त्याखेरीज वसुलाचे आणखी १० टक्के. सरदेशमुखी छत्रपतींची; चौथाईपैकी २५ टक्के ‘राजबाबती’ या नावाने पुन्हा छत्रपतींकडे; उरलेल्या ७५ टक्क्यांपैकी ६ टक्के ‘सहोत्रा’ पंतसचिवांना, ३ टक्के ‘नाडगौडा’ छत्रपतींच्या मर्जीने कोणालाही, आणि बाकीचे ६६ टक्के ‘मोकासा’ म्हणून सरदारांच्या फौजखर्चाला. एकाच परगण्यात अनेकांचे हक्क अशा रीतीने गुंतवल्यामुळे एकट्या सरदाराला प्रांत गिळणे अवघड झाले आणि हिशेब मिटवण्यासाठी सगळ्यांना एकमेकांकडे पाहावे लागले. साताऱ्यात इंग्रज अधिकारी राहिलेल्या ग्रँट डफने आपल्या इतिहासात या गुंतागुंतीवर अशी टीका केली की, तिच्यामुळे ब्राह्मण हिशेबनिसांच्या हाती सत्ता गेली. टीका निराधार नाही. परंतु विखुरलेल्या सरदारांना सक्तीने बांधण्याइतकी फौज साताऱ्याजवळ नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे आकडेमोडीलाच राज्यबंधनाचे साधन करणे ही कारकुनी पार्श्वभूमीच्या प्रधानाला सुचलेली स्वाभाविक युक्ती होती, असे दिसते. मात्र मोकासदार जितके दूर पांगले तितकी ही गाठ सैल होत गेली.

एप्रिल १७२० मध्ये बाळाजींचे सासवडला निधन झाले आणि दरबारातील श्रीपतराव प्रतिनिधी आदींचा विरोध बाजूला सारून शाहूंनी १७ एप्रिल रोजी कऱ्हाडजवळील मसूर येथे बाळाजींचे पुत्र बाजीराव यांना पेशवाईची वस्त्रे दिली. निवड यशस्वी ठरली, म्हणून तिच्यातील धोका झाकला गेला. बहिरोपंतांना जे वारशाने मिळाले तेच बाजीरावांना मिळाले होते. फरक इतकाच की, वडिलांच्या मोहिमांत वावरून त्यांची उमेदवारी झालेली होती. पुढे पेशवेपद भट घराण्यातच राहिले आणि वसुली कामगाराला मुख्य प्रधान होण्याची वाट बंद झाली.

कर्तृत्वाने मग दुसरी जागा शोधली. बाळाजींबरोबर दिल्लीला गेलेले बाळाजी महादेव भानू १७१९ च्या दंगलीत मारले गेले आणि भानू घराण्याकडे फडणिशी, म्हणजे हिशेबाच्या दप्तराची प्रमुखी, चालत आली. त्याच घराण्यातील बाळाजी जनार्दन, म्हणजे नाना फडणवीस, यांचा जन्म १७४२ मध्ये साताऱ्याचा. १७७४ च्या बारभाई कारस्थानापासून, म्हणजे पेशवेपद घेतलेल्या रघुनाथरावांविरुद्ध कारभाऱ्यांनी केलेल्या एकजुटीपासून, ते राज्याचे प्रत्यक्ष कार्यकारी प्रमुख होत गेले. तह, नेमणुका, युद्धाचे निर्णय आणि हेरांची पत्रे त्यांच्याकडे येऊ लागली. तरी १८०० साली निधन होईपर्यंत त्यांचा हुद्दा फडणिसाचाच राहिला, आणि पेशव्याची वस्त्रे त्या हुद्द्याला कधी मिळाली नाहीत.